खंडाळा नावाचं पान

"खंडाळ्याला चाललोय" असं म्हटलं की पुण्यातला माणूस हमखास डोळे मिचकावतो. त्याच्या नजरेसमोर बोरघाटातला खंडाळा असतो. धुकं, धबधबे, गरम कांदाभजी वगैरे. आमचा खंडाळा वेगळा. सातारा रस्त्याने नीरा ओलांडून, शिरवळ मागे टाकून खंबाटकीच्या पायथ्याशी यायचं. एसटीच्या पाटीवर तो 'पारगाव-खंडाळा' होतो. तालुक्याचं गाव आहे. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच तालुक्यातलं, लोणंदची बाजारपेठ आणि रेल्वे स्टेशनही याच तालुक्यातलं. धुकं बेताचंच, ऊन मात्र भरपूर.

नावाचं हे पुराण लावायचं कारण असं, की गेल्या दिवाळीत गावच्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर मी विकी बसवली. पहिलं पान काढलं ते 'खंडाळा' याच नावाचं. हे नाव यंत्राच्या एका टोकाला घालून दुसर्‍या टोकाला जसंच्या तसं बाहेर काढणं, हेच त्या सगळ्या खटाटोपातलं मुख्य काम होतं. चुलत-आते भावंडांनी 'कसं केलंस ते लिहून ठेव' असा तगादा लावलाय. निव्वळ कृती अर्ध्या पानात संपते. पण त्यातल्या प्रत्येक ओळीला कुठला ना कुठला इतिहास चिकटलेला आहे, आणि मला तोच जास्त गमतीचा वाटतो. ज्यांना फक्त कृती हवी आहे त्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालेल. (गाळू नका!)

आधी 'विकी' हा शब्द. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने २५ मार्च १९९५ रोजी 'विकीविकीवेब' नावाची जागा महाजालावर सुरू केली. पर्ल भाषेत लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम होता. कोणीही यावं, पान उघडावं, 'संपादन' दाबावं आणि बदलावं. नाव सुचलं ते होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' नावाच्या बसवरून. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट.

कनिंगहॅमची खरी युक्ती मात्र दुव्यांची होती. एका पानावरून दुसर्‍या पानाकडे दुवा द्यायचा तर वेगळं काही करायचं नाही. दोन शब्द जोडून लिहायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल काढायचं. असा शब्द दिसला की यंत्र त्याचा दुवा करणार. त्या नावाचं पान नसेल तर शेवटी प्रश्नचिन्ह उमटणार, त्यावर टिचकी मारली की नवं पान तयार. म्हणजे आधी नाव घ्यायचं आणि मग पान जन्माला येणार. उंटाच्या मदारीसारखी मधेच वर आलेली अक्षरं म्हणून या लिखाणाला 'कॅमलकेस' म्हणतात.

युक्ती झकास आहे, पण देवनागरीत कॅपिटल अक्षरं कुठून आणायची? आपल्याकडे 'ख' हा 'ख'च, वाक्याच्या सुरुवातीला असो की शेवटी. कनिंगहॅमने कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, त्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी होती इतकंच. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला तेव्हा तोही आधी याच कॅमलकेसवर चालत होता. त्याच वर्षी तिथे चौकटी कंसांची सोय आली. कंसात काहीही लिहा, तो दुवा. माझ्या मते मराठी विकिपीडियाचा दरवाजा खरा उघडला तो या कंसांनी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला, पण कंस नसते तर त्यात एक पान दुसर्‍याला जोडताच आलं नसतं. तिथे एकाच नावाच्या अनेक गोष्टींसाठी 'निःसंदिग्धीकरण' नावाचं पान करतात. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलो होतो. आता 'खंडाळा' शब्द टंकला की त्याची गरज कळते.

तर आपली विकी. मी निवडली ती जेएसपीविकी. फिनलंडच्या यान्ने यालकानेनने २००१च्या सुमारास ती जावा भाषेत लिहिली, २००७ साली ती अपाचे संस्थेच्या छत्राखाली आली आणि २०१३ मध्ये तिथला स्वतंत्र प्रकल्प झाली. विकिपीडियाची मीडियाविकी घ्यायची तर पीएचपी हवं आणि शिवाय डेटाबेसही हवा. जेएसपीविकीला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एका फोल्डरातली एक साधी मजकुराची फाइल. हे मला फार आवडतं. उद्या सगळं कोसळलं तरी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येईल.

जावाची विकी चालवायला जावाचा वेब सर्व्हर लागतो, म्हणजे टॉमकॅट. टॉमकॅट म्हणजे बोका. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जेम्स डंकन डेव्हिडसनने तो लिहायला घेतला आणि १९९९ मध्ये सनने तो अपाचेला देऊन टाकला. स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी हवा म्हणून डेव्हिडसनने हे नाव ठेवलं. संगणकाची पुस्तकं छापणारे एक प्रसिद्ध प्रकाशक मुखपृष्ठावर प्राण्याचं चित्र छापतात, आपल्या सॉफ्टवेअरवर पुस्तक निघालं तर त्यावर बोका यावा अशी त्याची इच्छा होती. पुस्तक निघालं, पण त्यावर आला हिमबिबट्या! असो.

कृती अशी. आधी जावा बसवा. टॉमकॅटची झिप उतरवून सोडवा. आत 'वेबॲप्स' नावाचा फोल्डर असतो, त्यात जेएसपीविकीची 'वॉर' फाइल टाका. (वॉर म्हणजे लढाई नव्हे, 'वेब अर्काइव्ह'. अख्खं सॉफ्टवेअर एका गाठोड्यात बांधलेलं.) 'बिन' फोल्डरातली स्टार्टअप फाइल चालवा. बोका गाठोडं स्वतःच सोडतो. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, विसर्ग, ८०८० आणि विकीचं नाव. पान दिसतं. त्यानंतर विकीच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये तीन गोष्टी ठरवायच्या. पानं कुठल्या फोल्डरात ठेवायची, एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि पानांचा साठा जुन्या आवृत्त्या जपणारा हवा की नाही. तिसर्‍याला 'हवा' म्हणाच, त्याबद्दल पुढे येतोच.

पानांचा फोल्डर टॉमकॅटच्या पोटात ठेवू नका. नवी वॉर फाइल टाकली की जुनं गाठोडं पुसलं जातं, आणि पानं आत असली तर तीही जातात. टॉमकॅटची आवृत्तीही बघून घ्या. २०१७ मध्ये ओरॅकलने जावाचा सर्व्हरकडचा सगळा संसार एक्लिप्स फाउंडेशनला दिला, पण 'जावा' हे नाव काही दिलं नाही. म्हणून आतल्या पॅकेजांची नावं 'जावाएक्स'ची 'जाकार्ता' करावी लागली, आणि जुन्या नावांवर बांधलेली वॉर फाइल टॉमकॅट १० मध्ये तशीच टाकली तर चालत नाही. टॉमकॅट ९ घ्यायचा. गंमत म्हणजे टॉमकॅट अपाचेत आला तेव्हा ज्या प्रकल्पात होता त्याचं नावही जाकार्ताच होतं. जावा बेट आणि त्यावरचं शहर, हे लोक नावांच्या बाबतीत त्या बेटाबाहेर पडायलाच तयार नाहीत.

आता मूळ मुद्दा. पानाचं नाव.

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली, आपल्या 'इस्की' या सरकारी मानकाच्या १९८८च्या आराखड्यावरून. त्याआधी प्रत्येक फाँटचा कारभार वेगळा. फाँट असेल तर मराठी, नसेल तर चिनी-जपानी वाटावं असं काहीतरी. युनिकोड आल्यानंतर अक्षराला पक्का क्रमांक मिळाला. पण तो क्रमांक महाजालाच्या पत्त्यातून न्यायचा तर पत्त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात. म्हणून युक्ती अशी की यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहायचा. 'खंडाळा' मोजून बघा. ख, अनुस्वार, ड, काना, ळ, काना. चिन्हं सहा, बाइट अठरा, पत्त्यात अक्षरं ५४! बिचारं तीन अक्षरी गाव.

ही ५४ अक्षरं टॉमकॅटकडे पोचली की त्याने त्यांचे परत सहा क्रमांक करायचे. इथे घोळ व्हायचा. टॉमकॅट ७ पर्यंत पत्ता वाचताना तो धरून चालायचा की हे 'आयएसओ-८८५९-१' आहे, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांचं कोष्टक, एका बाइटला एक अक्षर. जावाच्या सर्व्हरचे नियम ठरले त्या काळात महाजालाची मूळ समजूतच तशी होती. पत्त्यात यूटीएफ-८ वापरावं हे मानकात नीट लिहिलं गेलं जानेवारी २००५ मध्ये. परिणाम असा की पानातला मजकूर स्वच्छ मराठीत दिसायचा, कारण तो वेगळ्या वाटेने यायचा आणि त्याचं एन्कोडिंग विकी सांगायची. पण पानाचं नाव म्हणून डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी 'ए'ची माळ यायची, मधेमधे चार पाय फुटलेलं गोल चिन्ह. २००७-०८च्या काळात ज्यांनी मराठी किंवा हिंदी पानं टॉमकॅटवर चढवली त्यांनी हे चिन्ह स्वप्नातही पाहिलं असेल. देवनागरीचा बहुतेक मजकूर त्याच दोन बाइटांनी सुरू होतो ना.

उपाय एका शब्दाचा होता. टॉमकॅटच्या 'कॉन्फ' फोल्डरात सर्व्हर एक्सएमएल नावाची फाइल आहे, तिच्यात ८०८० आकडा असलेली 'कनेक्टर'ची ओळ. तिथे 'यूआरआय-एन्कोडिंग बरोबर यूटीएफ-८' असं जोडायचं आणि बोका परत सुरू करायचा. २०१४ साली आलेल्या टॉमकॅट ८ पासून हेच गृहीत धरलं जातं, आता लिहावं लागत नाही. मी अजून लिहितो. नव्या घरात शिरताना उंबर्‍यावर हळदकुंकू वाहावं तसं.

दुसरी चाळणी याहून बारीक आहे. जावामध्ये 'हे चिन्ह अक्षर किंवा अंक आहे का?' असं विचारायची एक तयार सोय आहे. प्रोग्रॅमर मंडळी नावं साफ करायला ती सर्रास वापरतात. अक्षर असेल तर ठेवा, नसेल तर काढून टाका. इंग्रजीला हे ठीक आहे. पण युनिकोडच्या हिशेबात 'ख' हे अक्षर आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या 'खुणा'. खुणेबद्दल विचारलं की जावा सांगते, 'अक्षर नाही.' नाव अशा चाळणीतून गेलं की 'खंडाळा'चं काय होतं? 'खडळ'. नायगावचं 'नयगव', शिरवळचं 'शरवळ'. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद ठेवत नसत, तरी वाचणारा वाचायचा. पण काना-मात्राच गाळल्यावर पेशव्यांच्या कारकुनानेही हात टेकले असते.

म्हणून कुठलीही विकी बसवली की पहिली परीक्षा ही घ्या. 'खंडाळा' नावाचं पान जतन करा आणि पानांच्या फोल्डरात जाऊन फाइलचं नाव पाहा. जेएसपीविकी फाइलचं नावही त्याच टक्क्यांच्या लिपीत लिहिते. टक्क्याची अठरा चिन्हं मोजली तर नाव शाबूत आहे. नऊच भरली तर चाळणी लागलेली आहे. हे सॉफ्टवेअर उघडं असल्याची चैन अशी की ती ओळ शोधून 'अक्षर, अंक किंवा खूण' असं करता येतं आणि वॉरचं गाठोडं पुन्हा बांधता येतं. एका शब्दाची भर, पण ती घालायला आधी कुणालातरी तिथे मराठी नाव टाकून बघावं लागतं.

फाइलच्या नावातून आणखी एक अडचण निघते. बहुतेक ठिकाणी फाइलच्या नावाला २५५ अक्षरांची मर्यादा असते. देवनागरीच्या एका चिन्हाला नऊ अक्षरं खर्ची पडतात, म्हणजे आपल्या वाट्याला २७ चिन्हं. आमच्या वहिनींनी मोठ्या उत्साहाने पान काढायला घेतलं, 'सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव'. मोकळ्या जागा सोडून ३३ चिन्हं, २९७ अक्षरं. यंत्राने साफ नकार दिला. शेवटी 'नायगाव' एवढंच ठेवलं आणि बाकीचं आतल्या पहिल्या वाक्यात गेलं. शीर्षक छोटं असावं हे वहिनींना मी कधी सांगू शकलो नसतो, बोक्याने सांगितलं. :)

आणि जुळी नावं. 'गांव' की 'गाव'? १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण नानांच्या हातून ते जात नाहीत. यंत्राला 'नायगांव' आणि 'नायगाव' ही दोन गावं. 'पायर्‍यांची विहीर' तर अशी लबाड की डोळ्यांना फरक दिसतच नाही. चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो, 'र'नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह, किंवा नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच. एकाच विहिरीची दोन पानं झाली आणि दोन आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

या सगळ्यात मला राहून राहून वाई आठवत होती. खंबाटकी चढून उतरलं की सुरूर फाटा, तिथून आत वळलं की वाई. मराठी विश्वकोशाचं घर. १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष, आणि विश्वकोशाचं काम त्यांनी वाईत बसून उभं केलं. छापून पहिल्यांदा काय आलं माहीत आहे? पहिला खंड नव्हे, अठरावा! १९७३ साली. परिभाषासंग्रह. मराठीत कशाला काय म्हणायचं ते आधी ठरवल्याशिवाय नोंदी लिहिणार कशा? पहिला खंड त्यानंतर, १९७६ मध्ये आला. मी घरच्या लॅपटॉपवर जे सहा चिन्हांसाठी झगडत होतो ते त्यांनी अख्ख्या ज्ञानविज्ञानासाठी केलं होतं, संगणकाशिवाय.

त्यांची पद्धत मात्र विकीच्या नेमकी उलट. जाणकार लिहिणार, संपादक तपासणार, आणि नोंदी अकारविल्ह्यानेच येणार. पहिली नोंद 'अंक'. 'अ'वाल्यांचं नशीब. तुमचा विषय 'ह'चा असेल तर थांबा. विसावा खंड पुरा व्हायला २०१५ उजाडलं. म्हणजे पहिल्या खंडापासून ३९ वर्षं. तर्कतीर्थ १९९४ मध्येच गेले. त्याआधी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, त्यासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढून, शेअर विकून. त्यातले पहिले पाच तर नुसते प्रस्तावनाखंड. आजच्या भाषेत 'स्टार्टअप' म्हणायला हरकत नाही, फक्त केतकर त्यातून श्रीमंत झाले नाहीत.

मला दोन्ही पद्धतींत डावं-उजवं करायचं नाही. 'मीमांसा' म्हणजे काय हे मला वाईच्या पद्धतीनेच हवंय, आमच्या चुलतभावाकडून नको. पण आमच्या खळ्यामागच्या तुकड्याला 'लवण' का म्हणतात, याची नोंद कुठल्याही विश्वकोशात येणार नाही. येऊही नये. ती कुठे ठेवायची?

सरकारने जागा ठेवली आहे खरी. सातबार्‍याचा उतारा काढून बघा, 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. आमच्या बहुतेक उतार्‍यांवर तो रिकामा आहे. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, आणि माणसंही हळूहळू गटाच्या आकड्याने बोलायला लागली. शिरवळ-खंडाळ्याच्या बाजूला औद्योगिक वसाहती आल्या, महामार्ग रुंदावला, आणि काही शेतं तर आता आकड्यानेही उरली नाहीत. नावं उरलीत ती आत्याच्या आणि नानांच्या तोंडी. दोघांची वयं मिळून दीडशेच्या वर. विकीचा खटाटोप खरा यासाठी होता.

नानांना विकी समजावताना माझी पंचाईत झाली होती. "म्हंजी कुनीबी यायचं आन् खोडायचं? मग त्याला वही कशाला म्हनायचं?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी आवृत्त्या वगैरे सांगू लागलो, त्यांच्या चेहर्‍यावर काही उमटेना. शेवटी म्हटलं, "नाना, फेरफारासारखं आहे." आणि लख्ख उजेड पडला.

ज्यांचा जमिनीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी, जमिनीच्या हक्कात काहीही बदललं की तिथे अनुक्रमांकाने नोंद पडते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते, हरकत आली तर तिची वेगळी नोंद, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबार्‍यावरचं जुनं नाव रबराने पुसत नाहीत. त्याला कंस करतात, नवं नाव लिहितात आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकतात. त्या नंबरावरून मागे मागे जात पणजोबांपर्यंत पोचता येतं. (तलाठ्याचं पदनामही अलीकडे बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. गाव अजून तलाठीच म्हणतं.)

जेएसपीविकीचा साठा जवळजवळ असाच चालतो. चालू पान बाहेर, आणि 'ओल्ड' नावाच्या फोल्डरात त्या पानाच्या नावाचा पोटफोल्डर. त्यात १, २, ३ अशा क्रमांकाच्या फाइली, आणि कुठली आवृत्ती कुणी लिहिली याची एक छोटी यादी. फरक एकच, इथे मंडळ अधिकारी नाही. ते पद नानांनी लगेच स्वतःकडे घेतलं.

त्याची गरजही पडली. विहिरीच्या पानावर आत्याने सांगितलं (नातीने टंकलं) की विहीर बहात्तरच्या दुष्काळात खोदली, तिने स्वतः माती वाहिली. नानांनी ते बदलून 'दुष्काळाच्या आधी दोन वर्षे' असं केलं. दुसर्‍या दिवशी आत्याने परत बहात्तर केलं. दिवाळीचे चार दिवस, चौदा आवृत्त्या. पाडव्याच्या फराळाला दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. वरवर पाहता सालाचा वाद होता, पण आत खोल वेगळंच होतं. विहीर बहात्तरची असेल तर त्यात आत्याचे कष्ट आहेत, आणि आधीची असेल तर ती फक्त आजोबांची आणि नानांची. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव उतार्‍यावर नाही, ते निदान विहिरीच्या पानावर असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते तिने तोंडाने सांगितलं नाही. आवृत्त्या ओळीने वाचल्या तेव्हा मला दिसलं. पहिल्या आवृत्तीत साल होतं, पाचवीत 'माती वाहिली' आलं, नवव्या आवृत्तीत कोणाकोणाच्या डोक्यावर पाटी होती त्या बायकांची नावं आली. नानांनी साल प्रत्येक वेळी बदललं, पण ती नावं एकदाही खोडली नाहीत.

चौदाव्या आवृत्तीत आता दोन्ही साली आहेत, कोण काय म्हणतं त्यासकट. नानांच्या म्हणण्यानुसार खोदाई आधीची आणि दुष्काळात ती आणखी खोल नेली. तसंही असेल.

उरलेलं थोडं तांत्रिक. ही विकी फक्त घरच्या वायफायवर आहे, बाहेर उघडलेली नाही, आणि तुम्हीही उघडू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या जावाच्या एका छोट्या भागात भोक सापडलं तेव्हा जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांची झोप उडाली होती, आपण कोण? टॉमकॅटचं 'मॅनेजर' पान काढून टाकलं तरी काही बिघडत नाही. ज्यांना ऑफिसात वापरायची सवय आहे त्यांनी 'कॉन्फ्लुअन्स घेऊ या का' असं विचारलं होतं. तीही जावाचीच, २००४ पासूनची, छान आहे. पण स्वतःच्या यंत्रावर चालवायची तिची साधी 'सर्व्हर' आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने बंद केली. आपल्या विहिरीची गोष्ट दुसर्‍याच्या हिशेबाच्या वर्षाला बांधून कशाला ठेवा?

पानांचा फोल्डर दर महिन्याला तीन पेनड्राइव्हवर उतरतो. एक पुण्याला, एक आत्याकडे लोणंदला, एक नानांच्या ट्रंकेत, उतार्‍यांच्या पिशवीत. उतरवताना 'ओल्ड' फोल्डर विसरायचा नाही. शेतांची नावं आजवर एकोणीस झाली आहेत. 'लवणा'च्या पानावर अजून एकच ओळ आहे. तिथला बांध कुठून कुठे जायचा ते यात्रेला आल्यावर शेतात उभं राहून दाखवायचं नानांनी कबूल केलंय, आणि त्या वेळी आत्यालाही बोलवा असं त्यांनी आपण होऊन सांगितलंय.